फुगवटा भिंतीचा की लेन्सचा

३ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. तिकडे तू आणि वहिनी बरे असाल असं धरून चालते, कारण विचारलं तरी तू सांगणार नाहीस. वहिनीला आता जिना चढताना धाप लागत नाही, हे तिच्याकडूनच कळलं. फार बरं वाटलं. स्टुडिओ चालू आहे. ओळखपत्रांचे फोटो, आणि हसवायला गेलं की भोकाड पसरणारी बाळं. मागच्या खोलीतला नळ अजून गळतो.

फोन तू उचलत नाहीस. पत्र मात्र फेकण्याआधी वाचशील, कारण बंद पाकीट समोर ठेवून तुला लहानपणापासून झोप लागत नाही.

त्या दिवशी दुकानात उभ्या-उभ्या ओरडून गेलास. माझं अर्धं वाक्यही ऐकलं नाहीस. म्हणून पहिल्यापासून लिहिते. तुला यातलं बरंचसं माहीत आहे, तरी वाच.

टेकडी कापून शाळेचं मैदान केलं आणि वरची माती धरून ठेवायला मागे दगडी भिंत बांधली, तेव्हा बाबांनी तिचा फोटो काढला होता. त्यांच्या त्या दोन लेन्सच्या कॅमेऱ्याने. डोळ्यांइतक्या अंतरावरच्या दोन लेन्स, एकाच क्षणाच्या दोन स्लाइड, आणि त्या व्ह्यूअरमध्ये घालून दोन्ही डोळ्यांनी पाहिलं की चित्राला खोली येते. भिंत मागे, मैदान पुढे, खरंखुरं. शाळेचा वाढदिवस येतोय, तर मुख्याध्यापिका बाईंनी मला सांगितलं, ‘तुमच्या बाबांनी काढला तसाच फोटो आता काढा. जुना-नवा शेजारी ठेवू.’ मी बाबा उभे होते तिथेच उभी राहिले, त्यांचाच कॅमेरा लावला, रोल घरी धुतला, स्लाइड व्ह्यूअरमध्ये घातली.

बाबांच्या चित्रात भिंत पाटासारखी सपाट. माझ्या चित्रात डावीकडे खाली, मुलांच्या पाण्याच्या नळांपाशी, भिंतीला पोट सुटलेलं.

मी बाईंना सांगितलं. बाईंनी शाळेच्या समितीला, समितीतल्या कोणीतरी तुमच्या बांधकाम खात्याच्या ऑफिसला. आणि तिथे भिंत भक्कम असल्याचा गेल्या वर्षीचा कागद बाहेर आला. त्या कागदाबद्दल मी आज काही बोलत नाही.

तू आलास. म्हणालास, ‘बाबांच्या खेळण्यावरून माझ्या पोटावर पाय देणार तू?’

मी म्हटलं, ‘दादा, एकदा यात बघ तरी.’

‘काय बघायचं? म्हातारा डबा तो! त्याला काय दिसतंय ते त्याचं त्यालाच ठाऊक.’

दार आपटून गेलास. ओळखपत्राच्या फोटोला आलेले एक आजोबा खुर्चीत बसल्या-बसल्या म्हणाले, ‘माझा फोटो त्या डब्याने नका काढू हं.’ मला हसूही आलं आणि रडूही.

पण नंतर विचार केला, तू रागात बोललास तो प्रश्न अगदी बरोबर आहे. कॅमेऱ्याला नीट दिसतंय का? ते तपासल्याशिवाय भिंतीबद्दल तोंड उघडणं हा माझाही उतावळेपणाच. म्हणून आता तपासणार आहे, आणि एकटा बाबांचा कॅमेरा नाही. मामांनी मला दिलेला तसाच एक जुना कॅमेरा कपाटात आहे. तिसरा चौकातल्या घड्याळवाल्या काकांकडे आहे. त्यांना सगळे टिकटिककाका म्हणतात. घड्याळं दुरुस्त करतात आणि जुने कॅमेरे जमवतात. तिन्ही एकाच तिपाईवर, एकाच फिल्मवर, एकाच उन्हात. जे निघेल ते तुला कळवीन. तुझ्या बाजूचं निघालं तर आधी कळवीन.

तुझी,
धाकटी


१६ मार्च

प्रिय दादा,

पत्राला उत्तर नाही, पण पाकीट परतही आलं नाही. तेवढ्यावर मी खूश आहे.

आता ऐक. तपासायचं म्हणजे आधी एक भिंत हवी जिच्या सपाटपणाची खात्री आहे. स्टुडिओची भिंत कामाची नाही, तिची बाबांनीच खिळे ठोकून चाळण केलीय. शेवटी क्लबचा पोहण्याचा तलाव आठवला. साफसफाईसाठी तो रिकामा केला होता. आत उतरलं की समोर पांढऱ्या फरश्यांची भिंत, ओळीत ओळ. मी दोऱ्या ताणून पाहिल्या, कुठे फट नाही. रखवालदार वरून बघत होता. म्हणाला, ‘ताई, पाणी नसताना काय पोहायला शिकताय?’ म्हटलं, ‘बुडायची भीती वाटते म्हणून.’

तिन्ही कॅमेऱ्यांनी फोटो काढले. आधी लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं ठेवून, मग लहान करून. घरी आल्यावर स्लाइड चौकटीत बसवल्या आणि व्ह्यूअर डोळ्यांना लावला.

मामांचा कॅमेरा स्वभावाने सरळ, पण मठ्ठ. दोन्ही लेन्स सख्ख्या बहिणींसारख्या, एक दाखवते तेच दुसरी दाखवते, म्हणून भिंत सपाट दिसते. पण सगळं दुधात बुडवल्यासारखं. फरश्यांच्या मधल्या रेघा एकमेकींत मिसळतात. बारीक फुगवटा त्याला दिसणारच नाही, असला तरी.

टिकटिककाकांचा कॅमेरा तल्लख. कोपऱ्यातल्या फरशीवरची चीरसुद्धा स्वच्छ. फक्त एका बाजूच्या शटरचा पडदा आळशी निघाला, त्यामुळे दोन चित्रांत एक गोरं, एक सावळं. काकांनी मागचं झाकण उघडलं, फुंकर मारली, चिमट्याने काहीतरी हलवलं. म्हणाले, ‘वय झालं की सांधे आखडतात. माझेही.’ दुसऱ्या रोलमध्ये दोन्ही बाजू सारख्या आल्या.

आणि बाबांचा. दादा, त्या साफ सपाट भिंतीला बाबांच्या कॅमेऱ्याने पोट काढलं. डावीकडे खाली. शाळेत होतं अगदी त्याच जागी.

तरी खात्रीसाठी काकांनी एक युक्ती सांगितली. ‘कॅमेरा तिपाईवर उलटा बसव, डोकं खाली करून. दोष भिंतीचा असेल तर जागचा हलणार नाही. कॅमेऱ्याचा असेल तर त्याच्याबरोबर फिरेल.’ उलटा बसवला. पोट उजवीकडे वर गेलं. म्हणजे दोष कॅमेऱ्याचाच. छिद्र लहान केल्यावर कडा थोड्या सुधारल्या, पण वाकडेपणा तसाच. काकांनी भिंग लावून लेन्सची कडी पाहिली. खाचांवर ओरखडे होते. बाबांच्या त्या फोटोनंतर कधीतरी कोणीतरी डावी लेन्स उघडून पुसली आणि आतली काच बसवताना किंचित तिरकी बसवली.

तू बरोबर होतास. डब्याला दिसत नव्हतं.

मी दुसऱ्याच दिवशी शाळेत गेले. बाईंच्या खोलीत समितीचे लोक होते, शिक्षक होते. मी उभी राहिले आणि सांगितलं, ‘नळांपाशी भिंत फुगलेली नाही. दोष माझ्या कॅमेऱ्याचा होता. माझ्यामुळे तुम्हाला आणि माझ्या भावाला त्रास झाला, त्याबद्दल माफी मागते.’ बाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला. समितीतले एक गृहस्थ म्हणाले, ‘हात दाखवून अवलक्षण!’ सगळे हसले. मीही हसले. खरं सांगू? मला इतकं हलकं वाटलं की घरी येताना दोन स्टॉप आधीच उतरून चालत आले. मला खोटं ठरायचं होतं दादा. त्या भिंतीखालच्या कट्ट्यावर मुलं डबे खातात.

हे पत्र इथे संपवून पेटीत टाकलं असतं तर किती छान झालं असतं.

पण तपासणी अर्धवट ठेवायची सवय आपल्या दोघांनाही बाबांनी लावली नाही. तलावाच्या भिंतीवर तिन्ही कॅमेरे झाले होते, शाळेच्या भिंतीवर एकच. म्हणून परवा काकांचा कॅमेरा घेऊन परत गेले. सरळ लावून काढला, उलटा लावून काढला.

नळांपाशी सपाट. अगदी सपाट. उजवीकडे, टेकडीवर जाणाऱ्या पायऱ्यांच्या शेजारी, अर्ध्या उंचीवर मात्र भिंत पुढे आली आहे. सरळ कॅमेऱ्यातही तिथेच, उलट्यातही तिथेच. जागची हलत नाही.

बाबांच्या कॅमेऱ्याच्या चित्रात ती जागा पुन्हा पाहिली. तिरक्या काचेने ती बाजू पार पुसट केली होती. नसलेलं त्याने दाखवलं आणि असलेलं झाकलं.

मी काय करणार आहे ते मला ठाऊक आहे. तू काय करणार आहेस ते मला विचारायचं आहे. पण कागदाबद्दल आजही बोलत नाही. आधी तू हे वाच.

तुझी,
धाकटी


२९ मार्च

दादा,

ख्यालीखुशाली पुढच्या वेळी.

बाई ऐकत नाहीत, आणि त्यांचा दोष नाही. म्हणाल्या, ‘एकदा ओरडलात, एकदा माफी मागितलीत. आता पुन्हा ओरडताय. मागची फुगी डावीकडे होती, आताची उजवीकडे. पुढच्या महिन्यात छतावर असेल का?’ शिक्षकांच्या खोलीत माझं नाव फुगीबाई पडलंय. चहा देणारी सुद्धा तोंड लपवून हसते.

मी म्हटलं, ‘माझ्यावर विश्वास ठेवू नका. मोजा.’ त्या म्हणाल्या, ‘भिंत ऑफिसची. ऑफिसच्या माणसाशिवाय तिथे कोणी शिडीसुद्धा लावायची नाही. आणि ऑफिसने तर लेखी दिलंय.’ त्यांचंही खरं. भिंत उतरती, दगड ओबडधोबड. खालून नुसता ओळंबा धरून काही कळायचं नाही. वरून दोऱ्या सोडून जागोजाग मोजावं लागेल. ऑफिसला मी अर्ज केला. उत्तर आलं की गेल्याच वर्षी पाहणी झाली आहे.

तोवर मी हातावर हात धरून बसलेली नाही. रोज मधल्या सुट्टीत पायऱ्यांशेजारी, मैदानात पुरेशी मागे, तिपाई मांडून बसते. स्टुडिओ तेवढा वेळ बंद. कट्ट्याकडे मुलं निघाली की ओरडते, ‘ए, फोटो चालू आहे! चौकटीत येऊ नका!’ मुलं आज्ञाधारक आहेत बिचारी, लांब जाऊन बसतात. एक छोटी रोज विचारते, ‘काकू, तुमचा फोटो अजून संपला नाही?’ मी म्हणते, ‘ऊन नीट पडत नाहीये गं.’ काल शिपायाने मला हटकलं. मी उठले नाही. तो बाईंना घेऊन आला. बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि शिपायाला घेऊन परत गेल्या. त्यांच्याही मनात पाल चुकचुकली असावी.

पण सुट्टीनंतर काय? खेळाच्या तासाला काय? आणि पाऊस आला की तिपाई काय भिंत धरून ठेवणार आहे?

आता तो कागद.

त्यावर तुझी सही आहे आणि तू भिंत पाहिली नव्हतीस. मला हे कळून बरेच महिने झाले. वहिनीने सांगितलं. तिचं ऑपरेशन झालं त्या आठवड्यात तू तिच्या खाटेशेजारून हलला नाहीस. तुझा सहकारी फाइल घेऊन दवाखान्यात आला, म्हणाला, ‘मी बघून आलोय, ठीक आहे सगळं,’ आणि तू तिथेच, औषधांच्या ट्रेवर फाइल ठेवून सही केलीस. वहिनी गुंगीत होती असं तुला वाटलं. ती जागी होती. तिने तक्रार म्हणून नाही सांगितलं रे. ‘माझ्यापायी त्याने न बघता सही केली,’ असं म्हणत रडली. मी हे तुला कधीच सांगणार नव्हते.

मी तुझ्या जागी असते तर मीही सही केली असती. हे मनापासून लिहिते. ज्याची बायको नळ्यांमध्ये गुंतून पडलीय तो माणूस भिंती मोजायला जात नाही. पण आता वहिनी जिने चढते, आणि भिंत पुढे सरकते आहे.

मी हे ऑफिसात सांगू शकते. वरिष्ठांना पत्र लिहिलं की पुन्हा पाहणी होईल. ते पत्र मी अजून लिहिलेलं नाही, कारण मला वाटतं की हे तुझं काम आहे. तू चिडशील, मला तोंड दाखवणार नाहीस, चालेल. ये, दोऱ्या सोड, स्वतः मोज. मी परत खोटी निघाले तर समितीसमोर पुन्हा माफी मागीन. फुगीबाई नाव पाटीवर लिहून दुकानावर लावीन.

येत्या शनिवारपर्यंत तू आला नाहीस तर सोमवारी मी ऑफिसात जाणार. तुझ्या पाठीमागे काही करायचं नाही, म्हणून आधी तुला कळवते.

धाकटी


११ मे

प्रिय दादा,

तू आलास त्या दिवशी आपलं नीट बोलणं झालं नाही. त्यानंतर तू फोन बंदच करून ठेवलास, म्हणून आता लिहिते.

मी तिपाईशी बसले होते. मागून तुझा आवाज आला, ‘ऊठ, उन्हात डोकं दुखेल.’ इतक्या आठवड्यांनी तुझं पहिलं वाक्य ते. मी उठले. तू बरोबर दोन माणसं आणली होतीस, दोऱ्या, खुंट्या, मोजपट्टी. तू भिंतीच्या माथ्यावर गेलास, दोऱ्या सोडल्यास, आणि डाव्या टोकापासून सुरुवात केलीस. नळांपासून. मला वाटलं, हा मुद्दाम तिथून सुरू करतोय, मला खोटं पाडायला. मग लक्षात आलं की तू कामच तसं करतोस. एका टोकापासून, काही न गाळता.

नळांपाशी सगळं ठीक निघालं. तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. पायऱ्यांजवळ आलास तेव्हा तुझा हात थांबला. तू परत मोजलंस. मग मोजपट्टी खिशात टाकून दगडावर तळहात टेकलास. बाकीची भिंत उन्हाने तापली होती. तुझा हात ओला होऊन आला.

पुढचं मी बाईंच्या खोलीच्या दारातून ऐकलं. तू बाईंना म्हणालास, ‘मैदान आत्तापासून बंद. एक मूल तिकडे जाऊ देऊ नका.’

बाई गोंधळल्या. ‘पण तुमच्या ऑफिसनेच तर लेखी...’

‘ते मीच दिलंय. ते चूक आहे. मी भिंत न बघता सही केली होती.’

खोलीत सगळे होते दादा. ते ‘हात दाखवून अवलक्षण’ म्हणणारे गृहस्थही होते. कोणी हसलं नाही. तू बाईंच्याच टेबलाशी बसून नवा अहवाल लिहिलास, त्यात पहिल्या ओळीत आपली चूक लिहिलीस, आणि पाणीसुद्धा न पिता निघून गेलास. मी फाटकापर्यंत धावले, पण तुझी बस सुटली होती.

नंतर काय झालं ते तुला ऑफिसने कळवलं असेल, पण कागदावर कळवलेलं वेगळं. भिंत वरून उतरवायला घेतली. पायऱ्यांशेजारचे दगड काढले तसा मागचा चिखल आपोआप खाली घसरला. पाणी जायच्या भोकांत वर्षानुवर्षांची माती घट्ट बसली होती आणि वरच्या रस्त्याखालचा जुना नळ फुटून सगळं पाणी आत मुरत होतं. मुकादमाने त्यात फावडं टाकलं तर दांड्यापर्यंत आत गेलं. तो माझ्याकडे वळून म्हणाला, ‘बाई, एक जोराचा पाऊस...’ आणि त्याने फावडं उपसून काढलं. पाऊस त्याच आठवड्यात झाला. तोवर भिंत कमरेइतकी उरली होती आणि खाली कोणी नव्हतं. सुट्टी लागेपर्यंत मुलं वऱ्हांड्यात डबे खात होती आणि फार आरडाओरडा करत होती अशी बाईंची तक्रार आहे.

बाई स्टुडिओत आल्या होत्या. माझ्यासमोर बसून म्हणाल्या, ‘तुम्हाला रोज तिथे बसलेलं बघायचे आणि मनात म्हणायचे, ही बाई वेडी तरी आहे किंवा आपण तरी.’ मग तुझी चौकशी केली. त्यांना तुझ्यासाठी ऑफिसला पत्र द्यायचं आहे. मी म्हटलं, द्या.

काल वहिनीचा फोन आला. तू घरी बसून आहेस, चौकशी पूर्ण होईपर्यंत कामावर घेणार नाहीत, आणि नोकरी राहील की नाही कोणालाच सांगता येत नाही, असं म्हणाली. रात्ररात्र झोपत नाहीस म्हणे. आणि तू निरोप ठेवलास की ‘तिला सांग, चौकशीला येऊ नकोस. तिने काही बोलायचं नाही.’

मला बोलावणं आलं आहे. मी येणार आहे.

काय बोलायचं तेही ठरलं आहे. गेल्या वर्षी तू भिंत पाहिली नव्हतीस, हे मी सांगणार. ते तू स्वतःच लिहून दिलंस, मी लपवून काय होणार? पण तू का पाहिली नव्हतीस, त्या आठवड्यात तू कुठे होतास, हेही सांगणार. तू ते अहवालात लिहिलं नाहीस. वहिनीचं नाव तिथे यायला नको होतं तुला, कळतं मला. तिला विचारूनच सांगणार आहे. ती म्हणाली, ‘सांग. नाहीतर मीच येऊन सांगते.’ कारण सांगणं म्हणजे दया मागणं नव्हे रे. आणि तिसरं, ऑफिसने सांगितलं नसताना तू आलास, डाव्या टोकापासून मोजलंस आणि भरल्या खोलीत स्वतःची चूक स्वतःच्या तोंडाने सांगितलीस. हे तर मी दोनदा सांगणार, कोणी थांबवलं तरी.

नोकरी गेली तर वाईट होईल. मी ‘काही होत नाही’ म्हणून तुझी समजूत घालणार नाही. पण गेली तरी त्या दिवशीचा तुझा ओला हात मी पाहिलेला आहे, आणि माझ्यासाठी तेवढं पुरेसं आहे.

चौकशी सोमवारी सकाळी आहे. मी रविवारी संध्याकाळच्या गाडीने पोचते. दार उघडायचं नसेल तर वहिनी उघडेल. ऑफिसात तुला एका बाजूला बसवतील आणि साक्षीदारांना दुसऱ्या, असं टिकटिककाका म्हणतात. ऑफिसवाल्यांनी कितीही सांगितलं तरी मी खुर्ची उचलून तुझ्याकडे आणणार.

तू नको म्हटलंस तरी शेजारी बसणारी,
तुझी धाकटी